चौथा रकाना

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या १०० औद्योगिक क्षेत्रांची पाहणी करून एक यादी तयार केली. हवा, पाणी आणि जमीन या तिन्हींची अवस्था एकत्र मोजून प्रत्येक क्षेत्राला शंभरपैकी गुण दिले. गुण जितके जास्त तितके प्रदूषण जास्त, आणि सत्तरच्या वर गेलेले क्षेत्र अतिगंभीर. या यादीत पहिले नाव पालघर जिल्ह्यातल्या तारापूरचे होते, ९३.६९ गुणांचे. दुसरे नाव याच शहरातल्या, दिल्लीतल्या, नजफगड नाल्याच्या खोऱ्याचे होते, म्हणजे आनंद पर्वत, नारायणा, वझीरपूर, ओखला या वसाहतींचे, गुण ९२.६५. तिसरी मथुरा, चौथे कानपूर. पहिल्या चारांतली तीन क्षेत्रे गंगा-यमुनेच्या खोऱ्यातली आणि एक अरबी समुद्राच्या काठावरचे. तारापूर आणि नजफगड यांना एकत्र बांधणारी कोणतीही नदी नाही. तरीही ही दोन नावे शेजारी आली हा मला योगायोग वाटत नाही. दोन्ही ठिकाणी एकच समज काम करत आला आहे: सांडपाणी आपल्या हद्दीबाहेर गेले की त्याचा प्रश्न मिटला, आणि पुढे कुठेतरी भरपूर पाणी आहे, ते सगळे सामावून घेईल. नदीकाठी राहणाऱ्याचे हे 'पुढे' म्हणजे खालचे गाव. किनाऱ्यावर राहणाऱ्याचे 'पुढे' म्हणजे समुद्र. आजच्या व्याख्यानात मला एवढेच दाखवायचे आहे की हा समज रसायनशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, तरीही तो आपल्या कायद्याच्या एका तक्त्यात आकड्यांनिशी लिहिलेला आहे, आणि तो तक्ता दिल्लीत लिहिला गेला आहे.

समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरात हा विषय का, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर शहराच्या नकाशावरच सापडेल. पर्यावरण मंत्रालय जोरबागेत आहे, पृथ्वी विज्ञान मंत्रालय लोदी रोडवर, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ पूर्व अर्जुन नगरच्या परिवेश भवनात, हरित लवादाचे मुख्य पीठ कोपर्निकस मार्गावरच्या फरीदकोट हाउसमध्ये. किनारपट्टी नियमनाची १९९१ ची पहिली अधिसूचना असो की २०११ आणि २०१९ च्या नव्या, साऱ्या इथून निघाल्या. सातपाटीच्या बंदरात जाळे ओढणाऱ्याच्या पाण्यात काय मिसळायला परवानगी आहे, हे ठरवणारी माणसे या शहरात बसतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या रोजच्या अनुभवात जे पाणी आहे ते यमुनेचे आहे, खाडीचे नाही.

आणि यमुनेने दिल्लीला शिकवलेला धडा काही लहान नाही. १३७६ किलोमीटर लांबीच्या या नदीचा वझीराबाद ते ओखला हा केवळ २२ किलोमीटरांचा टप्पा, दोन टक्क्यांहूनही कमी, पण नदीच्या एकूण प्रदूषणाचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भार याच टप्प्यात पडतो. कालिंदी कुंजजवळ छठपूजेच्या दिवसांत दिसणारा पांढरा फेस आता देशभर ओळखीचा झाला आहे. तो साबण-डिटर्जंटमधल्या फेसकारी द्रव्यांचा आणि फॉस्फेटांचा आहे. ओखला धरणावरून पाणी खाली कोसळते तेव्हा तो घुसळून वर येतो. हिवाळ्यात वझीराबादच्या पाण्यात अमोनिया लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या वर गेला की जलशुद्धीकरण केंद्रांचे उत्पादन कमी करावे लागते, आणि दिल्ली हरियाणाकडे बोट दाखवते: हे पानिपत-सोनिपतच्या नाल्यांतून आले. दिल्लीची तक्रार खरीच आहे. पण दिल्लीच्या खाली मथुरा आहे, आग्रा आहे, आणि तिथला माणूस हीच तक्रार दिल्लीविरुद्ध करतो. नदीवर प्रत्येक जण कुणाच्या तरी वरच्या अंगाला असतो, म्हणून निदान भांडण तरी होते, खटला होतो, दोन राज्यांची सरकारे एकमेकांना जाब विचारतात. समुद्र सगळ्यांच्या खालच्या अंगाला आहे. त्याच्या वतीने वरच्याला जाब विचारणारे कोणतेही राज्य नाही.

आता तो तक्ता पाहू. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ यांच्या सहाव्या अनुसूचीत सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा दिल्या आहेत. १९९३ साली त्या आजच्या रूपात आल्या. तक्त्याला चार रकाने आहेत. पहिला नदी-तलावांसाठी, दुसरा सार्वजनिक गटारांसाठी, तिसरा सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्यासाठी आणि चौथा किनाऱ्यावरच्या समुद्रासाठी. सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू खाईल याचे माप, ज्याला बीओडी म्हणतात, ते नदीत सोडायच्या पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत चालते, समुद्रात १०० पर्यंत. तेल आणि ग्रीस नदीसाठी १०, समुद्रासाठी २०. फिनॉलयुक्त द्रव्ये नदीसाठी १, समुद्रासाठी ५. जस्त नदीसाठी ५, समुद्रासाठी १५. फ्लोराइड नदीसाठी २, समुद्रासाठी १५. शिसे नदीसाठी ०.१ मिलिग्रॅम आणि समुद्रासाठी २ मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट. विरघळलेल्या फॉस्फेटांसाठी नदीच्या रकान्यात ५ चा आकडा आहे. समुद्राच्या रकान्यात नुसती रेघ. हे आकडे एखाद्या कारखान्याने चोरून सोडलेल्या पाण्याचे नाहीत. ही परवानगी आहे. नियम तंतोतंत पाळणाऱ्या कारखान्यालाही नदीकाठी जे करता येणार नाही ते किनाऱ्यावर करता येते.

हा तक्ता कुणी दुष्टपणे केला असे मी म्हणत नाही. त्यामागे एक तर्क आहे आणि तो अर्धा बरोबर आहे. घरगुती मैल्यातली सेंद्रिय घाण जिवाणू खातात, प्राणवायू मिळाला तर काही दिवसांत तिचे विघटन होते, आणि मोकळ्या समुद्रात लाटा-प्रवाहांमुळे प्राणवायूचा पुरवठा नदीपेक्षा चांगला असतो. मुंबईत वरळी आणि वांद्रे येथून मैलापाणी तीन किलोमीटरांहून अधिक आत नेऊन सोडण्याची व्यवस्था याच तर्कावर उभी आहे. त्या द्रव्यापुरते 'विरळ झाले की विघटन होते' हे म्हणणे अभियांत्रिकीला धरून आहे. चूक पुढच्या पायरीवर होते. जे कुजते त्याच्यासाठी बनवलेला तर्क जे कुजत नाही त्यालाही लावला गेला. शिसे कुजत नाही, पारा कुजत नाही, कॅडमियम कुजत नाही. ती मूलद्रव्ये आहेत आणि ती कुठे तरी असणारच. डीडीटी आणि पीसीबीसारखी क्लोरीनयुक्त संयुगे माणसाने मुद्दाम टिकाऊ बनवली. ती वर्षानुवर्षे, कित्येकदा दशकानुदशके टिकतात. अशा पदार्थांना भरपूर पाणी दिल्याने ते नाहीसे होत नाहीत, आणि बहुतेकदा ते पाण्यात राहतही नाहीत.

हा मुद्दा महत्त्वाचा असल्यामुळे जरा सविस्तर सांगतो. गोड्या पाण्यातले चिकणमातीचे बारीक कण एकमेकांना दूर ढकलत तरंगत असतात. खाडीच्या तोंडाशी खारे पाणी मिसळले की क्षारांमुळे ही ढकलाढकली संपते, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. शिसे, पारा, तांबे यांसारखे धातू आधीच या कणांना चिकटलेले असतात, ते त्यांच्याबरोबर गाळात जातात. त्यामुळे खाडी हे धातूंना समुद्राकडे वाहून नेणारे पात्र नव्हे. ते त्यांना अडवून ठेवणारे पात्र आहे. ठाण्याची खाडी, उल्हासचे मुख, धरमतर, दाभोळ या सगळ्यांचा गाळ म्हणूनच मागच्या पन्नास-साठ वर्षांचा हिशेब सांभाळून आहे. डीडीटीसारख्या संयुगांची गत वेगळी पण परिणाम तोच. त्यांना पाणी नकोसे असते, चरबी हवी असते. ती पाण्यातून प्लवकांच्या अंगात जातात, प्लवकांतून बारीक माशांत, तिथून मोठ्या माशांत, तिथून पक्ष्यांत आणि डॉल्फिनांत; प्रत्येक पायरीवर प्रमाण वाढते. आपण विरळ करतो आणि जीवसृष्टी पुन्हा दाट करते. २०१७ साली पॅसिफिकमधल्या मेरियाना आणि कर्माडेक या गर्तांच्या तळाशी, जगातल्या सर्वांत खोल जागांपैकी दोन ठिकाणी राहणाऱ्या कोळंबीसारख्या प्राण्यांच्या अंगात पीसीबी मोठ्या प्रमाणात सापडले. विरळ होण्याला याहून जास्त पाणी जगात कुठेही मिळणार नाही.

'मोठे पाणी' हा उपाय म्हणून वापरून पाहिल्याचा सर्वांत भीषण दाखला जपानचा आहे. मिनामाता गावातला चिस्सो कारखाना १९३० च्या दशकापासून पारामिश्रित सांडपाणी खाडीत सोडत होता. मज्जासंस्था उद्ध्वस्त करणाऱ्या त्या आजाराची अधिकृत नोंद १९५६ च्या मे महिन्यात झाली. मग १९५८ साली कारखान्याने काय केले, तर सांडपाण्याचे तोंड बंदरातून हलवून नदीच्या मुखाशी नेले, जिथे पाणी जास्त होते. पुढच्या काही महिन्यांत त्या नव्या भागात, आणि शिरानुई समुद्राच्या आणखी दूरच्या गावांत, रुग्ण सापडू लागले. सोडणे थांबले ते १९६८ मध्ये. गाळ उपसून, गाडून, त्यावर जमीन करण्याचे काम १९७७ ते १९९० अशी तेरा वर्षे चालले. अमेरिकेतही लॉस एंजेलिसच्या डीडीटी कारखान्याने आपले सांडपाणी सार्वजनिक गटारात सोडले, गटाराने ते किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात नेले. व्यवस्था अगदी आदर्श होती: गटार, नळ, खोल समुद्र. हे १९७१ पर्यंत चालले. पालोस व्हर्डेसच्या समुद्रतळावर बसलेले ते डीडीटी अर्ध्या शतकानंतरही तिथे आहे, आणि तिथले काही मासे खाऊ नका असा सरकारी इशारा अजून द्यावा लागतो.

डीडीटीचा उल्लेख निघाला आहे तर दिल्लीचा त्याच्याशी असलेला संबंधही सांगितला पाहिजे. हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने स्थापन झाली आणि तिचा पहिला डीडीटी कारखाना दिल्लीतच १९५५ मध्ये सुरू झाला. नंतर केरळात पेरियार नदीकाठी उद्योगमंडल आणि रायगड जिल्ह्यात पाताळगंगेच्या काठी रसायनी येथे कारखाने निघाले. पुढे दिल्लीतला कारखाना बंद झाला. पेरियार कोचीच्या पश्चजलात उतरते, पाताळगंगा धरमतरच्या खाडीत. इथे आक्षेप येतो आणि तो मनापासून ऐकण्यासारखा आहे: डीडीटीने या देशात लाखो जीव वाचवले. खरे आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत होता आणि आठ लाख मरत होते. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णसंख्या एक लाखापर्यंत उतरली. या उपकाराला नाकारणारा माणूस प्रामाणिक नव्हे. पण १९७६ साली रुग्णसंख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली, त्यामागे जी कारणे होती त्यांत डासांनी या औषधाला दाद न देणे हेही एक होते, आणि ती प्रतिकारशक्ती वाढायला शेतातली बेसुमार फवारणी कारणीभूत ठरली. शेतीतला वापर आपण १९८९ साली बंद केला. भारताने २००६ मध्ये मान्य केलेल्या स्टॉकहोम कराराने रोगनियंत्रणापुरती सूट ठेवली आहे, आणि ती ठेवणे योग्यच होते. यातून मी घेतो तो निष्कर्ष असा: टिकाऊ विष वापरायचे की नाही हा निर्णय गरज तोलून करता येतो. पण वापरायचे ठरले तर त्याचा प्रत्येक किलो कुठे जातो याचा हिशेब ठेवावा लागतो. भिंतीवर फवारलेल्या ग्रॅमचा हिशेब आपण ठेवला. कारखान्याच्या मोरीतून गेलेल्या किलोंचा ठेवला नाही.

हिशेबाचाच मुद्दा पुढे नेतो, कारण चौथ्या रकान्यातला खरा दोष मला इथे दिसतो. रकान्यातले आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये आहेत. ते तीव्रता मोजतात, भार मोजत नाहीत. एक साधा गुणाकार करा. रोज अडीच कोटी लिटर सांडपाणी सोडणारे एखादे केंद्र धरा. औद्योगिक वसाहतींच्या सामाईक केंद्रांची क्षमता या पल्ल्यात असते. त्यातले शिसे बरोबर कायदेशीर मर्यादेइतके, लिटरमागे २ मिलिग्रॅम असेल, तर दिवसाला ५० किलो शिसे समुद्रात जाते, वर्षाला अठरा टनांहून अधिक. पारा ०.०१ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर असेल तर वर्षाला नव्वद किलोंच्या वर. एकाही दिवशी, एकाही नमुन्यात नियमभंग झालेला नसेल. शेजारी दुसरे तसेच केंद्र उभे राहिले तर भार दुप्पट होईल, नियमभंग तरीही शून्यच राहील. काही उद्योगांना उत्पादनाच्या टनामागे किती सांडपाणी निघावे याचे बंधन आहे, हे मान्य. पण एका खाडीत सगळ्यांनी मिळून वर्षाकाठी एकूण किती शिसे टाकावे याचा आकडा या तक्त्यात कुठेही नाही. गाळ मात्र भारच मोजतो.

पाऱ्याचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. पाऱ्यासाठी या तक्त्यात नदी आणि समुद्र असा भेद केलेला नाही, दोन्हीकडे ०.०१ आहे. म्हणजे मोठ्या पाण्याचा तर्क एका धातूपुरता तक्ता करणाऱ्यांनी स्वतःच सोडून दिला होता. मग शिशाला वीसपट सवलत कोणत्या न्यायाने? शिसे गाळात बसते, मुलांच्या मेंदूला त्याची सुरक्षित मात्रा नाही, पेट्रोलमधून आपण ते २००० सालापर्यंत काढून टाकले. हवेत नको म्हणून काढलेले शिसे समुद्रात चालेल, याचे कारण शास्त्रात शोधून मिळणार नाही.

याच तक्त्यात विषारीपणाची एक चाचणीही आहे: सांडपाणी न मिसळता तसेच घेऊन त्यात मासे ठेवायचे, ९६ तासांनी नव्वद टक्के जिवंत राहिले पाहिजेत. ही चाचणी निरुपयोगी नाही. ती तीव्र विष पकडते. पण चार दिवसांत न मारणारे द्रव्य चार वर्षांत काय करते, हे तिला दिसत नाही. जहाजांच्या बुडाला शिंपले-बार्नकल चिकटू नयेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या रंगात ट्रायब्युटिलटिन नावाचे कथिलाचे संयुग असे. लिटरमागे एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, एवढ्या प्रमाणात ते काही सागरी गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव उगवायला पुरेसे ठरते. पुढे त्यांची पैदास थांबते. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कालवांची पैदास कोसळली, कवचे वेडीवाकडी जाड झाली, तेव्हा कारण शोधता शोधता हे उघड झाले आणि १९८२ मध्ये लहान बोटींवर तो रंग बंद करावा लागला. जगभर बंदी यायला २००८ उजाडले. मासे मेले नाहीत, माणसे मेली नाहीत. कालवे फक्त नवी होईनाशी झाली. 'समुद्रात रसायने सोडून कुणी मेले का?' असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे. समुद्रातला घात बहुधा मृत्यूच्या रूपात येत नाही. पुढची पिढी न आल्याच्या रूपात तो येतो, आणि तो पहिल्यांदा ओहोटीला कालवे फोडणाऱ्या, खुबे-तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांच्या टोपलीत दिसतो.

सगळ्यात जोरकस आक्षेप वेगळाच आहे, आणि तो सरकारी अधिकारीही करतात, कार्यकर्तेही करतात. मर्यादा कितीही कडक करा, त्या पाळतो कोण? तारापूरला जे झाले ते नियम सैल होते म्हणून झाले नाही. नियम मोडले म्हणून झाले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हा प्रश्न हरित लवादाकडे घेऊन गेली. तज्ज्ञ समित्या नेमल्या गेल्या, भरपाईची रक्कम ठरली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. मासेमारी करणाऱ्या एका समाजाने देशातल्या औषध आणि रसायन उद्योगाच्या एका मोठ्या वसाहतीसमोर कागदपत्रांनिशी उभे राहणे, ही मला गेल्या दशकातली फार मोठी गोष्ट वाटते. अंमलबजावणीचा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. नियम मोडल्याचे सिद्ध करायला काय मोजावे लागते ते पाहा: सांडपाण्याच्या तोंडाशी, ठरावीक वेळी घेतलेला पाण्याचा नमुना. रात्री सोडलेले पाणी सकाळच्या नमुन्यात नसते. उधाणाच्या भरतीला खाडीत जे पाणी असते ते भांगाच्या दिवशी नसते. चोरीला सर्वांत सोयीची पद्धत आपण पुरावा म्हणून निवडली आहे. त्याऐवजी गाळ आणि शिंपले मोजले तर रात्र आणि दिवस यांचा फरक उरत नाही, कारण गाळ रात्रीही साचतो आणि कालव रात्रीही पाणी गाळून पीत असते. कालव-शिंपल्यांना पहारेकरी करण्याची ही कल्पना एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ सालीच मांडली आणि अमेरिकेने ती दशकानुदशके राबवली. आपल्याकडे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोनापावलाला आहे, नव्वदीच्या सुरुवातीपासून किनाऱ्यावरच्या पाण्याच्या देखरेखीचा केंद्रीय कार्यक्रम आहे. मोजण्याचे कौशल्य देशात आहे. त्या मोजणीला परवाना रद्द करण्याइतके कायदेशीर बळ मात्र मिळालेले नाही. चुकीचा तक्ता आणि ढिली अंमलबजावणी ही दोन वेगळी दुखणी नाहीत; चुकीचे मोजणे हेच ढिलाईला आसरा देते.

कुणी म्हणेल, एकूण प्रदूषणात उद्योगांपेक्षा घरगुती मैला कितीतरी जास्त आहे, मग कारखान्यांच्याच मागे का? आकारमानाने हे खरे आहे, दिल्लीतही आणि मुंबईतही. पण नजफगड नाल्यात, जो कधी काळी साहिबी नदी होता, घरातले आणि कारखान्यातले पाणी वेगळे वाहत नाही. मैला शुद्धीकरण केंद्रे कुजणाऱ्या घाणीसाठी बांधलेली असतात. त्यांत आलेले धातू साचलेल्या चोथ्यात जातात किंवा तसेच पुढे निघतात. नाल्याच्या तळात जे बसले ते तिथेच राहील याचीही हमी नाही. १३ जुलै २०२३ रोजी जुन्या लोखंडी पुलापाशी यमुना २०८.६६ मीटरवर गेली, १९७८ चा विक्रम मोडून. असा पूर वर्षानुवर्षांचा गाळ उचलतो, आणि तो गाळ प्रयागराजकडे, पुढे बंगालच्या उपसागराच्या दिशेने सरकतो. नमुने घेण्याची धांदल हिवाळ्यात होते, फेस दिसतो तेव्हा.

मग समुद्रात जास्त आत नळ टाकणे हा उपाय का नको? किनाऱ्यावरच्या लोकांची तक्रार त्याने कमी होते, वासही कमी होतो. कुजणाऱ्या घाणीसाठी तो मी आधीच मान्य केला आहे. टिकाऊ विषासाठी तो मिनामातातल्या १९५८ च्या निर्णयाचीच पुनरावृत्ती ठरतो. आणि तो आपण स्वीकारलेल्या कायद्यातही बसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रकायदा कराराला भारताने १९९५ मध्ये मान्यता दिली. त्याचे १९५ वे कलम सांगते की प्रदूषण रोखताना हानी वा धोका एका भागातून दुसऱ्या भागात ढकलायचा नाही, थेट किंवा आडून. पश्चिम किनाऱ्याचा समुद्र तर मुळातच नाजूक आहे. पावसाळ्याच्या अखेरीस खालचे कमी प्राणवायूचे पाणी उथळ तळावर चढते. ही अवस्था तीव्र होत चालल्याचे दोनापावलाच्या शास्त्रज्ञांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवले, आणि जमिनीवरून येणारी नत्रयुक्त खते-सांडपाणी हे त्याचे एक संभाव्य कारण म्हणून मांडले. ज्या पाण्यात प्राणवायू आधीच संपत आलेला असतो, त्याच्या फॉस्फेटच्या रकान्यात आपण रेघ मारून ठेवली आहे.

राहिला खर्चाचा प्रश्न. तारापूर, लोटे, रसायनी, तळोजा इथल्या कारखान्यांवर हजारो घरे चालतात, आणि त्या घरांत कोळ्यांची, भोयांची मुलेही आहेत. उद्योग उठवून दुसरीकडे न्या, असे मी म्हणणार नाही. दिल्लीने १९९६ साली १६८ धोकादायक कारखाने न्यायालयाच्या आदेशाने हद्दीबाहेर काढले. दिल्लीची हवा त्यासाठी कृतज्ञ असेल, पण विष दुसऱ्या जिल्ह्यात गेले की देशातून गेले असे होत नाही. मागणी त्याहून मर्यादित आहे आणि जास्त काटेकोर आहे. चौथ्या रकान्यातली टिकाऊ द्रव्ये वेगळी काढावीत आणि त्यांना समुद्राची म्हणून मिळालेली सवलत रद्द करावी. शिशाचा आकडा नदीइतका तरी खाली यावा. प्रत्येक खाडीसाठी वर्षाचा एकूण भार ठरवावा आणि तो परवान्यांत वाटून द्यावा, म्हणजे नवा कारखाना यायचा तर जुन्याने तेवढे कमी केल्याशिवाय येणार नाही. अमेरिकेने २०१० मध्ये चेसापीक खाडीसाठी सहा राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन यांना असा एकूण भार वाटून दिला. उद्दिष्टे वेळेत पूर्ण झाली नाहीत, हे खरे. पण कुणाचे किती बाकी आहे हे आज तिथल्या शाळकरी मुलालाही वाचता येते. राजधानीच्या शहराने समुद्राच्या हिशेबात आपले नाव लिहून घेणे यात कमीपणा नाही.

पुरेसा पुरावा हाती आल्यावर बघू, असे म्हणणाऱ्यांसाठी या शहरातल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच वेल्लोरच्या कातडी कारखान्यांच्या खटल्यात उत्तर दिले आहे: हानी होणार नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सोडणाऱ्याची आहे, सोसणाऱ्याची नाही. १९७२ च्या लंडन कराराने समुद्रात काय टाकू नये याची यादी केली होती. १९९६ च्या लंडन प्रोटोकॉलने ती उलटवली, आणि यादीत ज्याची परवानगी असेल तेवढेच टाकता येईल, बाकी काही नाही, असे ठरवले. जहाजातून टाकण्याला जो नियम जगाने लावला तो नळातून सोडण्याला लावायला तात्त्विक अडचण कोणतीच नाही. दर पाच वर्षांनी तारापूरजवळचे नवापूर, धरमतर, दाभोळ आणि ठाण्याच्या खाडीचा गाळ आणि तिथली कालवे तपासून त्यांतल्या शिशाचे, पाऱ्याचे आणि क्लोरीनयुक्त संयुगांचे आकडे मराठीत, गावाच्या नावासकट जाहीर करावेत, आणि नमुना कोणत्या भरतीला, कोणत्या जागी घ्यायचा हे ठरवताना तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेचा माणूस सहीनिशी हजर असावा. याला नवा कायदा लागत नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली एक अधिसूचना पुरते, आणि ती जोरबागेतून निघू शकते.